ताण व पशुप्रजनन

शरीराचा अंतर्गत समतोल ढळविणारी किंवा ढळविण्याचा संभव असलेली परिस्थिती प्राप्त झाली असता प्राण्याच्या शरीरात व वर्तनात जो प्रतिसाद उमटतो त्याला ताण असे म्हणतात आणि अशी परिस्थिती निर्माण करणाऱ्या कारणास ताणकारक म्हणतात. कडक ऊन, उपासमार, लांबचा प्रवास, रोग, वेदना, कळपातील मारामारी, अपरिचित जागा आणि माणसाकडून होणारी मारझोड हे पाळीव जनावरांच्या बाबतीतील नेहमीचे ताणकारक होत. या प्रतिसादात अधिवृक्क ग्रंथींची (मूत्रपिंडांच्या वरच्या टोकांजवळ असलेल्या ग्रंथींची) हॉर्मोने (उत्तेजक स्राव) प्रमुख असतात. जगण्याच्या दृष्टीने ती अत्यावश्यक असली, तरी त्यांचे रक्तातील प्रमाण अवेळी वाढल्यास किंवा दीर्घकाळ वाढलेले राहिल्यास जननक्षमतेवर प्रतिकूल परिणाम होतो. प्राण धोक्यात असताना प्रजनन ही लांबणीवर टाकता येण्याजोगी क्रिया आहे, असा या यंत्रणेचा स्थूल अर्थ लावता येतो.

व्यवहारात या विषयाला बरेच महत्त्व आहे. गाईचे व म्हशीचे ऋतुचक्र सरासरी २१ दिवसांचे असते. एक माज वाया गेला म्हणजे तीन आठवडे वाया जातात, पुढचे वेत तितकेच लांबते आणि भाकड जनावर पोसण्याचा खर्च वाढतो. तीन-चार वेळा फळवूनही उलटलेली गाय दोन-तीन जनावरे बाळगणाऱ्या शेतकऱ्याला परवडत नाही आणि ती बाजाराची वाट धरते. अशा गाईंपैकी काहींच्या जननेंद्रियांत कोणताही दोष नसतो. दोष गोठ्यात किंवा हाताळणीत असतो.

संकल्पनेचा उगम : संकटाच्या प्रसंगी अधिवृक्क ग्रंथींच्या मध्यकातून (आतील भागातून) ॲड्रेनॅलीन हे हॉर्मोन रक्तात येते व प्राणी झुंजण्यास किंवा पळण्यास सिद्ध होतो, हे अमेरिकन शरीरक्रियावैज्ञानिक वॉल्टर कॅनन (१८७१–१९४५) यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दाखविले. हॅन्स सेल्ये (१९०७–८२) यांनी कॅनडातील माँट्रिऑल येथे उंदरांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष १९३६ मध्ये प्रसिद्ध केले. थंडी, इजा, अतिश्रम, विषारी द्रव्ये अशा परस्परांशी संबंध नसलेल्या कारणांनीही अधिवृक्क ग्रंथींच्या बाह्यकाची (बाहेरील भागाची) वाढ होणे, थायमस ग्रंथी आक्रसणे व जठरात व्रण पडणे असे एकाच प्रकारचे बदल होतात, असे त्यांना आढळले. प्रत्येक ताणकारकाला शरीराचा प्रतिसाद एकच असतो, हे सेल्ये यांचे प्रतिपादन आज जसेच्या तसे मान्य नाही. ताणकारकाचे स्वरूप, त्याचा कालावधी, प्राण्याचा पूर्वानुभव व जाती यांनुसार प्रतिसाद बदलतो. तथापि या विषयाची पायाभरणी त्यांनीच केली.

हॉर्मोनांची साखळी : ताणाची जाणीव होताच काही सेकंदांत ॲड्रेनॅलीन रक्तात येते. दुसरा प्रतिसाद काही मिनिटांनी सुरू होतो व अधिक काळ टिकतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या अधोथॅलॅमसमधून एक प्रेरक हॉर्मोन पोष ग्रंथीकडे येते. ४१ ॲमिनो अम्लांचे हे हॉर्मोन वायली व्हेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मेंढ्यांच्या अधोथॅलॅमसांपासून वेगळे काढले. त्याच्या व व्हॅसोप्रेसीन या हॉर्मोनाच्या प्रभावाने पोष ग्रंथीतून अधिवृक्क बाह्यक उद्दीपक हॉर्मोन (ए. सी. टी. एच.) स्रवते आणि ते बाह्यकाला कॉर्टिसॉल निर्माण करावयास लावते. कॉर्टिसॉलामुळे यकृतात ग्लुकोज तयार होते, स्नायूंतील प्रथिने व साठविलेली चरबी वापरात येते आणि शोथ (दाहयुक्त सूज) दबला जातो. पुरेसे कॉर्टिसॉल साठले की, ते अधोथॅलॅमस व पोष ग्रंथी यांना आवर घालते व साखळी थंडावते.

प्रजननाची साखळीही याच दोन स्थानांतून जाते व म्हणूनच दोहोंचा संघर्ष संभवतो. अधोथॅलॅमसमधून जननग्रंथी पोषक हॉर्मोने मुक्त करणारे हॉर्मोन (जी. एन. आर. एच.) सतत न पाझरता ठराविक अंतराने स्पंदांच्या रूपाने बाहेर पडते. दहा ॲमिनो अम्लांच्या या हॉर्मोनाची संरचना अँड्र्यू शॅली व रॉझे गीमँ यांच्या दोन प्रतिस्पर्धी प्रयोगशाळांनी १९७१ मध्ये निश्चित केली व या क्षेत्रातील कार्याबद्दल दोघांना १९७७ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक (रोझॅलिन यालो यांच्यासमवेत) मिळाले. त्याच्या प्रत्येक स्पंदाला पोष ग्रंथी पीतपिंडकारक हॉर्मोनाच्या (एल. एच.) स्पंदाने उत्तर देते. माज जवळ आला की, हे स्पंद सुमारे तासाला एक इतके वारंवार होतात. त्यामुळे अंडकोशातील पुटक (ज्यात अंड वाढते ती द्रवयुक्त पिशवी) वाढते, पुटकातून स्त्रीमदजन हॉर्मोन अधिकाधिक स्रवते, गाय माजावर येते आणि त्याच वेळी पीतपिंडकारक हॉर्मोनाचा एक मोठा लोंढा येतो. या लोंढ्यानंतर सुमारे २८ तासांनी पुटक फुटून अंड बाहेर पडते (अंडमोचन). फुटलेल्या पुटकाच्या जागी पीतपिंड तयार होतो व त्याचे प्रोजेस्टेरोन हे हॉर्मोन गर्भधारणा टिकवते.

ताणाचा आघात या क्रमातील कोणत्या पायरीवर होतो, याचा सर्वांत बारकाईने अभ्यास मेंढ्यांमध्ये झालेला आहे. मेंढी सोशिक, आकाराने सोयीची व तिच्या पोष ग्रंथीकडे जाणाऱ्या रक्ताचा नमुना काढता येण्याजोगी असल्यामुळे प्रयोगांसाठी ती निवडली गेली. इंग्लंडमध्ये लिव्हरपूल येथील हिलरी डॉब्सन व रॉबर्ट स्मिथ यांच्या प्रयोगांत मेंढ्या वाहनातून नेल्या असता पीतपिंडकारक हॉर्मोनाच्या स्पंदांची वारंवारता घटली आणि लोंढा लांबला. अमेरिकेत मिशिगन येथे फ्रेड कार्श यांच्या गटाने कॉर्टिसॉल हे पोष ग्रंथीवर प्रत्यक्ष कार्य करते व जी. एन. आर. एच. ला मिळणारा तिचा प्रतिसाद मंद करते, असे दाखविले. अंडकोशाची हॉर्मोने रक्तात असतील, तर अधोथॅलॅमसमधील स्पंदही विरळ होतात. म्हणजे आघात दोन्ही स्थानी होतो. यांखेरीज गाईमध्ये अधिवृक्क बाह्यकातून कॉर्टिसॉलाबरोबर थोडे प्रोजेस्टेरोनही स्रवते. ऐन माजाच्या वेळी त्याचे अल्प प्रमाणही लोंढा रोखण्यास पुरेसे ठरू शकते. न फुटलेले पुटक कधीकधी वाढतच जाते व त्याची गाठ बनते. ए. सी. टी. एच. वारंवार टोचून गाईंमध्ये अशा गाठी प्रयोगाने निर्माण करता आल्या आहेत.

या माहितीचा व्यावहारिक अर्थ महत्त्वाचा आहे. गाईचा माज साधारणतः १२ ते १८ तास टिकतो. सकाळी माज दिसल्यास सायंकाळी व सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी कृत्रिम वीर्यसेचन करावे, हा १९४० नंतरच्या दशकात ट्रिमबर्गर यांच्या निरीक्षणांवरून रूढ झालेला नियम माज व अंडमोचन यांच्या ठराविक अंतरावर आधारलेला आहे. ताणामुळे लोंढा काही तास लांबला की, हे अंतर बदलते. माज दिसतो, रेत वेळेवर सोडले जाते, पण अंड बाहेर पडेपर्यंत शुक्राणूंची फलनक्षमता संपलेली असते. शेतकरी रेताला दोष देतो, वीर्यसेचक गाईला दोष देतो आणि दोघांनीही नियम पाळलेला असतो. दुसऱ्या प्रकारात स्त्रीमदजनाचा स्राव अपुरा पडल्याने माजाची लक्षणेच दिसत नाहीत. गाय हंबरत नाही, दुसऱ्या जनावरांवर उडत नाही, सोट (योनीतून येणारा चिकट स्राव) जेमतेम दिसतो. यालाच मुका माज म्हणतात.

उष्णतेचा ताण : भारतात सर्वांत व्यापक ताणकारक म्हणजे उन्हाळा. गाईच्या शरीराचे तापमान सुमारे ३८.५° से. असते. जास्त दूध देणाऱ्या गाईच्या शरीरात अधिक उष्णता निर्माण होते आणि म्हणून होल्स्टीन-फ्रीजियन रक्ताच्या संकरित गाईंना दख्खनच्या पठारावरील एप्रिल–मे देशी गाईंपेक्षा जड जातो. हवेचे तापमान व आर्द्रता यांवरून काढलेला निर्देशांक ७२ च्या वर गेला की, दुभत्या गाईंवर परिणाम होऊ लागतो असे ढोबळ मानाने मानले जाते. खिलार, देवणी, लाल कंधारी यांसारख्या जाती ही मर्यादा सहज ओलांडतात.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. उन्हाळ्यातील वंध्यत्वाचे सर्व खापर कॉर्टिसॉलावर फोडता येत नाही. उष्णतेत पहिल्या काही तासांत कॉर्टिसॉल वाढते. परंतु आठवडेच्या आठवडे उष्णता राहिल्यास ते पूर्ववत होते, किंबहुना कमीही होते, कारण चयापचय वाढविणारे हॉर्मोन त्या स्थितीत शरीराला परवडत नाही. बराचसा अपाय तापमान स्वतःच करते. फलित अंड पहिल्या एक-दोन दिवसांत, म्हणजे एक-दोन कोशिकांच्या अवस्थेत, उष्णतेला फार नाजूक असते व तिसऱ्या दिवसापासून ते अधिक सोशिक होत जाते, असे फ्लॉरिडातील संशोधनात आढळले. पुटकात वाढत असलेल्या अंडालाही उष्णतेची झळ लागते आणि पुटकाची वाढ अनेक आठवडे चालत असल्याने उन्हाळा सरल्यावरही काही काळ गाभण राहण्याचे प्रमाण कमी राहते. पाऊस पडला, हिरवा चारा आला तरी गाय का फळत नाही, या प्रश्नाचे उत्तर बहुधा मागील दोन महिन्यांत शोधावे लागते.

म्हशीची स्थिती अधिक कठीण आहे. काळ्या कातडीमुळे ती उष्णता अधिक शोषते, घर्मग्रंथी गाईपेक्षा बऱ्याच कमी असतात व अंगावर केस विरळ असतात. डुंबायला पाणी नसेल, तर उष्णता बाहेर टाकण्याचे तिचे मुख्य साधनच नाहीसे होते. उन्हाळ्यात म्हशीचा माज बहुधा मुका असतो व तो रात्री किंवा पहाटे दिसतो. दिवस लहान होऊ लागल्यावर प्रजनन सुरू होण्याची तिची नैसर्गिक प्रवृत्तीही यात मिसळते. परिणामी म्हशी मुख्यतः पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्यापर्यंत फळतात, सुमारे ३१० दिवसांच्या गर्भकाळानंतर जुलै ते डिसेंबर या काळात वितात आणि उन्हाळ्यात दुधाचा तुटवडा पडतो.

इतर ताणकारक : विल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दुधावाटे बाहेर जाणारी ऊर्जा खाद्यातून मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त असते व गाय अंगची चरबी वापरते. या काळात चारा कमी पडल्यास पीतपिंडकारक हॉर्मोनाचे स्पंद मंदावतात व पहिला माज लांबतो. दुष्काळात हे मोठ्या प्रमाणावर घडते. महाराष्ट्रात २०१२-१३ व २०१८-१९ मध्ये चारा छावण्या उघडाव्या लागल्या तेव्हा जनावरे जगविणे हाच हेतू होता व तो रास्तच होता. परंतु अर्धपोट राहणे, दूरवरची पायपीट, अपरिचित जनावरांची दाटी व ऊन हे चारही ताणकारक अशा वेळी एकत्र येतात, म्हणून त्यानंतरच्या वर्षात वेतांमधील अंतर वाढणे अपेक्षित असते. लंगडणे व स्तनशोथ (कासेचा दाह) यांतील वेदना व जंतूंची विषे यांमुळेही अंडमोचन लांबते. खुराची जखम आणि गाय उलटणे यांचा संबंध शेतकऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही.

वाहतुकीचा धोका गर्भधारणेनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत अधिक असतो, कारण या काळात भ्रूण गर्भाशयात स्थिरावत असतो. फळविलेली गाय पाचव्या दिवसापासून सुमारे ४२ व्या दिवसापर्यंत दूरच्या बाजारात किंवा नव्या गोठ्यात हलवू नये, असा सल्ला दिला जातो. डुकरिणींच्या बाबतीत यासारखेच तत्त्व कायद्यातही उतरले आहे. यूरोपीय संघात १ जानेवारी २०१३ पासून गाभण डुकरिणींना कळपाने ठेवणे बंधनकारक झाले, मात्र फळविल्यानंतरचे पहिले चार आठवडे त्यातून वगळलेले आहेत.

माणसाच्या वागणुकीचा परिणाम ऑस्ट्रेलियात पॉल हेम्सवर्थ यांनी डुकरांवर अभ्यासला. जवळ आल्यावर ज्या तरुण माद्यांना थोपटले जाई त्यांच्या तुलनेने ज्यांना चापट किंवा विजेचा सौम्य धक्का दिला जाई त्यांच्यात गाभण राहण्याचे प्रमाण निम्म्याहूनही कमी होते आणि त्यांच्या रक्तात कॉर्टिसॉल सतत अधिक राहिले. रोजच्या वाईट वागणुकीचा एकूण वेळ काही सेकंदांचाच होता. माणूस दिसताच बसणारी धास्ती मात्र दिवसभराची होती. गोठ्यातील जाणत्या बायकांना यात नवे वाटणार नाही. अनोळखी हात लागला की गाय पान्हा चोरते, हा त्यांचा अनुभव आहेच. भीतीने सुटणारे ॲड्रेनॅलीन ऑक्सिटोसिन या पान्हा सोडविणाऱ्या हॉर्मोनाच्या कार्याला विरोध करते, हे इली व पीटर्सन यांनी १९४१ मध्ये दाखविले होते. अपरिचित जागी ऑक्सिटोसिनाचा स्रावच घटतो असे पुढे आढळले.

नरावरील परिणाम : वळूच्या वृषणांचे तापमान शरीरापेक्षा काही अंशांनी कमी राहावे लागते. ऊन व ज्वर यांमुळे ते वाढल्यास सदोष शुक्राणूंचे प्रमाण वाढते. शुक्राणू तयार होण्यास वळूमध्ये सुमारे ६१ दिवस लागतात व त्यानंतर अधिवृषणातून पुढे सरकण्यास आणखी काही दिवस जातात, म्हणून अपाय आज झाला तरी रेतात तो काही आठवड्यांनी दिसतो. विशेष म्हणजे कॉर्टिसॉलासारखे कार्य करणारे डेक्सामेथॅसोन टोचल्यास आणि वृषणकोश गुंडाळून गरम ठेवल्यास शुक्राणूंत जवळजवळ सारखेच दोष क्रमाने दिसून आले आहेत. बहुतेक नरांत कॉर्टिसॉल वाढल्यावर टेस्टोस्टेरोन घटते. डुकराच्या नरात मात्र ए. सी. टी. एच. टोचल्यावर ते काही काळ वाढते.

अपवाद : प्रत्येक ताण घातक असतोच असे नाही. डुकरिणींत थोड्या वेळापुरते व पुनःपुन्हा येणारे ताण बरेचसे निरुपद्रवी ठरतात. कॉर्टिसॉल दीर्घकाळ चढे राहिले तरच अंडमोचन बिघडते. वयात येऊ पाहणाऱ्या डुकरिणी वाहनातून नव्या जागी नेल्या आणि त्यांना नर दाखविला, तर काही दिवसांतच त्या पहिल्यांदा माजावर येतात व डुक्करपालनात याचा हेतुपुरस्सर उपयोग केला जातो.

कॉर्टिसॉलाशिवाय प्रसूतीही होत नाही. न्यूझीलंडमधील ग्रेअम लिगिन्स (१९२६–२०१०) यांनी मेंढीच्या पोटातील कोकराची पोष ग्रंथी नष्ट केली तेव्हा प्रसूती लांबली आणि गर्भाला ए. सी. टी. एच. दिले तेव्हा कोकरू अकाली जन्मले. व्हेरॅट्रम ही विषारी वनस्पती गर्भारपणाच्या १४ व्या दिवसाच्या सुमारास खाल्लेल्या मेंढ्यांना एकाक्ष कोकरे होतात व त्यांचे दिवस उलटून जातात, हे अमेरिकेतील मेंढपाळांना ठाऊक असलेले कोडेही यामुळे उलगडले. त्या कोकरांची पोष ग्रंथी नीट बनलेली नसते. दिवस भरले की, गर्भाचे कॉर्टिसॉल वाढते, वारेतील प्रोजेस्टेरोनाचे स्त्रीमदजनात रूपांतर होऊ लागते, प्रोस्टाग्लँडिने निर्माण होतात व कळा सुरू होतात. म्हणूनच डेक्सामेथॅसोनाचे इंजेक्शन गर्भकाळाच्या शेवटच्या महिन्यात दिल्यास गाय काही दिवसांत विते किंवा गाभडते व पुष्कळदा वार अडकते. हे औषध ताप, सूज यांवर सर्रास वापरले जाते. ते टोचण्यापूर्वी जनावर किती महिन्यांचे गाभण आहे, हे विचारण्याचा कंटाळा केल्याने वासरे दगावतात.

निदान व उपाय : रक्तातील कॉर्टिसॉल मोजून ताण ठरविणे वाटते तितके सोपे नाही. सुई टोचण्यापूर्वीची धरपकडच ते वाढविते आणि दिवसाच्या वेगवेगळ्या प्रहरी त्याचे प्रमाण बदलते. त्यामुळे शेण, दूध व केस यांतील प्रमाण मोजण्याच्या पद्धती प्रचारात आल्या आहेत. केसांवरून काही आठवड्यांचा अंदाज येतो. साध्या गोठ्यात मात्र धापणे, रवंथ कमी होणे, चारा टाकून पाण्याजवळ उभे राहणे ही चिन्हेच उपयोगी पडतात. उलटणाऱ्या प्रत्येक गाईला ताण हे कारण चिकटविणे हेही चूकच होय. गर्भाशयाचा दाह, खनिजांची उणीव व चुकलेली माजाची वेळ यांची शहानिशा आधी केली पाहिजे.

उन्हाळ्यात उंच छपराचा, हवा खेळती असलेला गोठा, दुपारी अंगावर पाणी व त्याबरोबर वारा, थंड पिण्याचे पाणी आणि चारा मुख्यतः पहाटे व रात्री देणे यांचा स्पष्ट उपयोग होतो. केवळ पाणी मारून हवा कोंडलेली ठेवल्यास आर्द्रता वाढून उलट अपाय होतो. म्हशींना डुंबणे किंवा दिवसातून तीन-चार वेळा अंघोळ आवश्यक असते. वीर्यसेचनासाठी गाय कोसभर चालवीत नेण्यापेक्षा वीर्यसेचकाने गोठ्यावर येणे श्रेयस्कर असते. पुणे जिल्ह्यातील उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या बाएफ या संस्थेने ही सेवा दारापर्यंत नेली, तिचा हाही एक लाभ म्हणावा लागेल. रेत सोडल्यावर गाय बसली तर ते वाहून जाते, या समजुतीने काही ठिकाणी तिला तासन्‌तास उभी करतात किंवा पिटाळतात. रेत गर्भाशयाच्या मुखापलीकडे सोडलेले असल्याने ही भीती निराधार आहे. त्या वेळी गाय सावलीत स्वस्थ असणे अधिक महत्त्वाचे असते.

माज दिसतच नसेल, तर जी. एन. आर. एच. व प्रोस्टाग्लँडीन ठराविक दिवशी टोचून अंडमोचन एका निश्चित वेळी घडवून आणता येते. १९९५ मध्ये विस्कॉन्सिन येथे तयार झालेली ही पद्धत माज न पाहता वीर्यसेचन करू देते. तथापि फलित अंडाला लागणारी उष्णतेची झळ तिने टळत नाही. त्यासाठी सात दिवसांचा, म्हणजे नाजूक अवस्था ओलांडलेला भ्रूण गर्भाशयात ठेवण्याचा मार्ग उपलब्ध आहे. तो खर्चिक असल्याने लहान गोठ्यांच्या आवाक्यात सहसा येत नाही आणि तेथे छप्पर, पाणी व हाताळणी यांवरच भिस्त ठेवावी लागते.